‘ऐकतच नाही आमचं कुत्रं’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात कोल्हापूर शहरातून आणि करवीर, कागल, हातकणंगले तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलंय : ‘आमचं कुत्रं ऐकत नाही.’ बाकीचा मजकूर वाचला की लक्षात येतं, कुत्रं चांगलं शिकलेलं आहे. घरानं नकळत जे शिकवलं ते त्यानं घेतलंय. एखादी गोष्ट केल्यावर पुढच्या सेकंदा-दोन सेकंदांत काय पदरात पडलं, एवढाच हिशेब ते ठेवतं. पाच मिनिटांनी दिलेला खाऊ काय आणि पाच मिनिटांनी दिलेला रट्टा काय, त्याचा मूळ गोष्टीशी संबंध कुत्र्याला लागत नाही. खालची सगळी उत्तरं याच्यावर उभी आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय. पावसामुळं बाहेर नेणं अवघड झालंय. नेलं तरी अर्धा तास नुसतं हुंगत फिरतं आणि आत आल्याआल्या सोप्यात शू करतं. ओरडून झालं, नाक घासून झालं, फिनेल ओतून झालं. काय चुकतंय?

उत्तर : नाक घासणं आजपासून बंद करा. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांदेखत शू केली की मार बसतो. मग ते कपाटामागं, कॉटखाली जाऊन करायला लागतं. बाहेर तुम्ही दोरी धरून शेजारी उभे असता, तेव्हा तर अजिबात करत नाही. अर्धा तास हुंगत फिरण्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण असं की बाहेर शू झाली रे झाली की तुम्ही त्याला उचलून आत आणत असणार, त्यातून पाऊस असला की नक्कीच. पिल्लाच्या लेखी शू झाली म्हणजे मजा संपली, म्हणून ते ती लांबवतं. याच्या उलट करायचं. बाहेर गेल्यावर पहिली पाच मिनिटं एकाच जागी उभं राहायचं. बोलायचं नाही, खेळायचं नाही. शू पूर्ण होऊ द्यायची. मध्येच ‘शाब्बास’ म्हटलं तर पिल्लू अर्ध्यात थांबून तुमच्याकडं पळत येतं आणि उरलेली सोप्यात होते. ते सरळ उभं राहिलं की त्याच जागेवर खाऊ द्यायचा आणि मग दोन-तीन मिनिटं फिरवायचं, खेळवायचं. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर न्या.

वेळांचा ढोबळ हिशेब असा : पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त कळ काढू शकतं. म्हणजे तुमचं साडेतीन तास, तेही झोपेत. जागं असताना दर पाऊण ते एक तासानं न्यावंच लागतं. शिवाय झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, आणि खेळ रंगात आल्यावर. खेळता खेळता अचानक नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की तुमच्याकडं दहा सेकंद आहेत. या वयात जेवण दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी द्या. ताटली पंधरा मिनिटांत उचला, म्हणजे बाहेर न्यायच्या वेळाही ठरतात. दिवसा पाणी तोडू नका.

पावसाळ्यासाठी परसात पत्र्याखाली किंवा गॅलरीत दोन बाय अडीच फुटांचा ट्रे ठेवा आणि त्यात तीन इंच मातीचा थर द्या. माती नर्सरीतली किंवा कुंडीतली असू दे, रस्त्याकडेची नको. पार्व्होचे (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचे) विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात आणि तुमच्या पिल्लाचं लसीकरण अजून पुरं झालेलं नाही. ही लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. लसीकरण पुरं होईपर्यंत पेठेतल्या रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं जरूर फिरवा. रिक्षा, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, शाळेतून सुटलेली पोरं हे सगळं त्यानं या वयात बघायलाच हवं. साधारण तीन ते चौदा आठवड्यांत जे बघितलं त्याची पुढं भीती कमी वाटते. हा काळ हातचा गेला की तेच काम चौपट कष्टाचं होतं.

ट्रेवर जम बसला की तो दर दोन दिवसांनी दोन फूट दाराकडं सरकवत न्या. एकदम उचलून अंगणात ठेवलात तर पिल्लू ट्रे जिथं होता त्या जागीच शू करेल.

राहिलं फिनेल. त्यानं आपल्याला वास येईनासा होतो, कुत्र्याला येतच राहतो, आणि वास राहिला की तीच जागा पुन्हा वापरली जाते. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पिल्लू पंजे चाटतं, आणि फिनेल पोटात जाणं बरं नव्हे. आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि शेवटी पांढरं व्हिनेगर व पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगर वापरू नका, दगड खातं. तिथं पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर घ्या.

प्रश्न : राजारामपुरीत राहतो, घरात आठ माणसं. दीड वर्षाची लॅब्रॅडॉर आहे. मी ‘सिट’ म्हणते, आमचे हे ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘सिट डाऊन’, आणि सासूबाई ‘बस गं बाई एका जागी’. कुणाचंच ऐकत नाही. जेवायला बसलं की ताटाताटावरनं फिरते. सासूबाई हळूच घास देतात, मामंजी ओरडतात. थोरल्यांना काय सांगणार?

उत्तर : तुमच्या लॅबला एकाच कामासाठी चार शब्द ऐकू येतात, आणि त्यातले अर्धे तिच्यासाठी नसतातच. ‘बस’ हा शब्द मराठी घरात दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो : बस झालं, बस आली का, जरा बस की. ‘थांब’ची तीच गत. ज्या शब्दानंतर बहुतेक वेळा काहीच घडत नाही, तो कुत्र्याच्या कानाला रस्त्यावरच्या हॉर्नसारखा होतो.

म्हणून आधी शब्द ठरवा, पाचच : बैठ, खाली, जागेवर, सोड आणि बोलावण्याचा एक. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडा, कारण कुत्रं शब्दापेक्षा हात लवकर वाचतं. तळवा वर उचलला की बैठ, तळवा जमिनीकडं नेला की खाली. सासूबाईंनी तोंडानं काहीही म्हटलं तरी हात तोच राहिला की काम होतं.

‘बैठ’ नव्यानं शिकवा, जुना शब्द सोडून द्या. खाऊचा तुकडा तिच्या नाकाशी धरा आणि सावकाश डोक्यावरून मागं न्या. नाक वर गेलं की ढुंगण आपसूक खाली येतं. ते जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि खाऊ द्या. हात फार उंच नेलात तर ती उडी मारेल, फार वेगानं नेलात तर मागं सरकेल. नाकापासून दोन बोटांवर ठेवा. पाठीवर दाबून बसवू नका, दाबलं की कुत्रं उलट जोर लावतं. पाच-सहा वेळा जमलं की हातात खाऊ न घेता तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हातानं द्या. इथं बरेच लोक चुकतात. महिनाभर तुकडा दाखवूनच बसवतात आणि मग म्हणतात, खाऊ दिसल्याशिवाय बसत नाही. शब्द सगळ्यात शेवटी जोडायचा : आधी ‘बैठ’ एकदाच, एक सेकंद थांबायचं, मग खूण. ‘बैठ बैठ बैठ’ म्हटलं की तिसऱ्या हाकेला बसायचं असतं, असा तिचा समज होतो. एका वेळी तीन मिनिटं पुरेत, दिवसातून चार-पाच वेळा.

आता जेवणाचं. कधी घास मिळतो, कधी ओरडा, यातून मागण्याची सवय सगळ्यात पक्की होते. रोज मिळाला असता तर एखाद्या दिवशी न मिळाल्यावर तिनं नाद सोडला असता. कधीतरी मिळतो म्हणूनच ती ताटाताटावर चिकाटीनं फिरते.

जुनी चादर चौपदरी घडी करून जेवणाच्या जागेपासून पाच-सहा फुटांवर टाका. जेवणाची वेळ नसताना सुरुवात करा. तिचा पंजा चादरीवर पडला की ‘हां!’ आणि खाऊ चादरीवरच टाका, हातातून देऊ नका. तिला कळू दे की खाऊ या कापडातून उगवतो. दोन दिवसांत ती चादर दिसली की जाऊन उभी राहील. मग तिथं ‘खाली’ करा, आणि दोन्ही कोपरं टेकली की खाऊ. त्यानंतर वेळ वाढवा : ३ सेकंद, ५, १०, २०. मध्ये एखादी वेळ मुद्दाम सोपी ठेवा. उठली तर रागवू नका, वेळ निम्म्यावर आणा. तीस सेकंद टिकली की ‘जागेवर’ हा शब्द जोडा आणि मग एक जण रिकामं ताट घेऊन बसा. सगळ्यांची पंगत आठवड्यानंतर.

सासूबाईंना घास देऊ नका असं सांगायची गरजच नाही. त्यांनाच या कामाच्या प्रमुख करा. त्यांच्या शेजारी वेगळी वाटी ठेवा, त्यात तिच्यासाठी शिजवलेले बिनमिठाचे चिकनचे बारके तुकडे. ती चादरीवर असेल तरच त्यांनी उठून चादरीवर नेऊन द्यायचं. पहिले दोन दिवस दर वीस सेकंदांनी, मग मिनिटानं, दहा-बारा दिवसांत जेवणभरात तीनदा. त्यांचा हात देता राहतो आणि ताटाशी फिरणं थांबतं. गुडघ्यामुळं उठणं होत नसेल तर नातवानं नेऊन ठेवायचं, पण सासूबाईंनी सांगितल्यावरच.

पहिले तीन-चार दिवस ती जास्तच भुंकेल, मांडीवर पंजा टाकेल. तेव्हा कुणी एक घास जरी दिला, तरी ‘जास्त भुंकलं की मिळतं’ हा धडा तिनं घेतला म्हणून समजा. मामंजींनाही विनंती करा, ओरडू नका, तोंड फिरवा. ओरडणं म्हणजेही आपल्याकडं बघणं, आणि लॅबला तेवढंसुद्धा चालतं.

प्रश्न : खाऊ म्हणून काय द्यावं? मटण असलं की आम्ही रस्सा-भात आणि हाडं देतो, त्यावर लगेच ऐकतो.

उत्तर : ऐकणारच, पण हे थांबवा. तांबड्या-पांढऱ्या दोन्ही रश्शांत कांदा-लसूण वाटून घातलेला असतो. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्यानं तो दोष जात नाही. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि त्याची कपची आतडं फाडू शकते. दुसरा धोका आपल्या भागात घरोघरी डब्यात असतो : तासगावचे बेदाणे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. खाल्ले असतील तर उलट्यांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडं न्या. चॉकलेटही नको.

शिकवण्यासाठी उकडलेलं चिकन, थोडी कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं चालतं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवा. शिकताना तीस-चाळीस तुकडे सहज लागतात, त्यामुळं आकार वाढला की वजन वाढतं. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू हात-पाय चावतं. चपला तर सोडतच नाही. एक जुनी कोल्हापुरी त्याला खेळायला दिली, तरी नवी जोडी फाडली.

उत्तर : जुनी दिली म्हणूनच फाडली. जुनी आणि नवी हा फरक आपल्याला आहे. त्याला दोन्हींत तेच कमावलेलं कातडं आणि तुमच्या पायाचा वास. अंगठा आणि पट्ट्याची जागा त्यानं आधी चघळली असेल बघा, घाम तिथंच मुरलेला असतो. चपलीसारखं काहीही खेळणं म्हणून देऊ नका आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत चपला दारामागच्या कपाटात ठेवा.

हे वय दुधाचे दात पडून पक्के यायचं आहे. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावायला काहीतरी हवंच. जाड सुती कापडाला पीळ द्या, गाठ मारा, भिजवून फ्रीजरमध्ये तीन तास ठेवा. गार गाजर चालतं. कापडाचे धागे सुटायला लागले की फेकून द्या, गिळले तर आतड्यात अडकतात.

हात चावला की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. हात सैल सोडा, उठा, पाठ फिरवा, वीस सेकंद काही नाही. मग परत येऊन खेळणं द्या. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला जे वेड्यासारखं चावत सुटतं, ते बहुधा झोप अपुरी झालेलं असतं. या वयात दिवसाचे सोळा ते अठरा तास झोप लागते आणि गजबजलेल्या घरात ती मिळत नाही.

चप्पल तोंडात धरून पळालं तर मागं धावू नका, तो त्याला खेळ वाटतो. खाऊ त्याच्या नाकाशी न्या, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा, खाऊ द्या, वस्तू उचला. खेळण्यांवर हाच सराव रोज करा आणि दहातल्या आठ वेळा खेळणं परत द्या. सोडलं तरी जात नाही, हे कळलेलं कुत्रं वस्तू गिळत नाही आणि गुरगुरत नाही.

प्रश्न : रंकाळ्यावर फिरायला नेतो. ३२ किलोचा कुत्रा, नुसता ओढतो. खांदा दुखायला लागला. गळफासाची साखळी घ्यावी का?

उत्तर : नको. ती श्वासनलिकेवर आवळते. कुत्रं ओढणं थांबवतं ते दुखतं म्हणून, आणि समोर दुसरं कुत्रं असताना दुखलं तर दुखण्याचा राग त्या कुत्र्यावर निघतो. छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला पट्टा घ्या. तो पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जावीत. दोरी पाच-सहा फुटांची, आपोआप गुंडाळणारी नको.

ओढल्यावर पुढं जाता येतं, हे तो रोज दोन वेळा शिकतोय. दोरी ताणली की तिथंच थांबा. मागं खेचू नका, खांबासारखे उभे राहा. त्यानं मागं वळून बघितलं किंवा दोरी इंचभर सैल झाली की चाला. याबरोबर खाऊ डाव्या गुडघ्याजवळ द्यायचा, सुरुवातीला प्रत्येक दोन पावलांना, मग पाच, मग दहा. हात पुढं करून दिलात तर तो पुढंच चालेल. पहिला आठवडा हे रंकाळ्यावर करायचंच नाही, तर घरासमोरच्या गल्लीत, वीस पावलं जा-ये. संध्याकाळची रंकाळा चौपाटी म्हणजे भेळेचे कागद, कणसं, पोरं आणि भटकी कुत्री. नवशिक्याला तिथं नेणं म्हणजे पहिलीच्या पोराला दहावीच्या पेपरला बसवणं. पहाटे सहाला, पदपथाच्या मोकळ्या बाजूनं न्या.

घरातल्या एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं ओढू द्यायचं, असं झालं तर तीन महिन्यांतही फरक पडणार नाही. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

प्रश्न : कागलजवळ शेतात वस्ती आहे. कारवान जातीचा कुत्रा, दोन वर्षांचा. घरात हाक मारली की येतो, रानात ससा किंवा शेळी दिसली की संपलं. परत आल्यावर मार खातो, तरी सुधारत नाही.

उत्तर : परत आल्यावर मारता, म्हणून येण्याला उशीर लावतो. मार त्याच्या हिशेबी पळाल्याचा नसतो, आल्याचा असतो. कितीही उशिरा येवो, आल्यावर चांगलंच वागायचं. हे अवघड आहे, पण यात सूट नाही.

कारवान आणि मुधोळ ही नजरेनं शिकार धरणारी कुत्री. पळणारं जनावर दिसलं की त्यांचे कान जवळजवळ बंद होतात, आणि काही सेकंदांत ती हाकेच्या पलीकडं जातात. त्यामुळं खरं सांगायचं तर शेळ्यांच्या कळपाजवळ याला मोकळं सोडू नका, कितीही शिकवलंत तरी. शिकवायचं ते शंभरातल्या बाकीच्या नव्वद प्रसंगांसाठी.

नवा शब्द घ्या, जो तुम्ही कधीच वापरत नाही. ‘हिकडं ये’ हा तर गड्यांना, पोरांना, म्हशीलाही म्हणून झालाय. शिट्टी उत्तम, ती लांब जाते आणि आवाजात राग उतरत नाही. पहिले तीन दिवस घरात : शिट्टी वाजवा आणि लगेच चिकनचे तीन-चार तुकडे एकामागून एक द्या. रोज वीस वेळा. त्याला काही करायचंच नाही, फक्त शिट्टी म्हणजे मेजवानी हे पक्कं व्हायला हवं. मग खळ्यात दहा पावलांवरून, मग बांधावर.

मोकळ्या रानात ३० फुटी सुती दोरी लावा. ती छातीच्या पट्ट्याला, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. हा कुत्रा पूर्ण वेगात दोरीच्या टोकाला पोचला तर मान मोडायची भीती. दोरी हाताला गुंडाळू नका, हातमोजे घाला, आणि उभ्या उसात नेऊ नका, दोरी अडकते. ऊस तुटून गेलेलं किंवा नुकतं नांगरलेलं रान बरं. कुत्रा नाक उचलून, कान पुढं करून ताठ उभा राहतो तो क्षण ओळखा. तिथं शिट्टी वाजवली तर येईल. पळाल्यावर वाजवलीत तर शिट्टीही वाया जाते. एकदाच वाजवा. नाही आला तर दोरी हळूहळू जवळ करत स्वतः त्याच्याकडं जा, आणि पुढच्या वेळी निम्म्या अंतरावरून बोलवा.

बहुतेक घरांत कुत्र्याला बोलवलं जातं ते बांधायला, आंघोळीला किंवा गोळी द्यायला. तुम्ही दहा वेळा बोलवाल तेव्हा नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळं सोडा. आंघोळ असेल तर न बोलावता स्वतः जाऊन घेऊन या.

प्रश्न : खाताना जवळ गेलं की गुरगुरतो. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. गुरगुरला की आम्ही ताटली काढून घेतो.

उत्तर : मुलीला आजपासून त्याच्या जेवणाच्या वेळी त्या खोलीत येऊ देऊ नका, दार लावून घ्या. शिकवण्याचं काम फक्त मोठ्यांनी करायचं.

ताटली काढून घेतल्यानं त्याची शंका खरी ठरते. गुरगुरण्याबद्दल मारलंत तर तो गुरगुरणं सोडेल आणि सूचना न देता चावेल. गुरगुरणं ही तुम्हाला मिळालेली वेळ आहे. त्याच्याही आधीच्या खुणा बघा : खाणं एकदम थांबतं, तोंड ताटलीत तसंच राहतं, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. किंवा तो घाईघाईनं खायला लागतो. यातलं काहीही दिसलं की तुम्ही फार जवळ आहात.

तो निवांत खात राहतो ते अंतर शोधा, समजा आठ फूट. तिथून चालत जाता जाता चिकनचा तुकडा ताटलीशी टाका आणि थांबू नका, निघून जा. एका जेवणाला पाच-सहा वेळा. चार-पाच दिवसांनी पाऊलभर जवळ. तुम्हाला येताना बघून तो ताटलीतून मान वर काढून शेपूट सैल हलवायला लागला की समजा, माणूस आला की वाढतो, नेत नाही, हे त्याला पटलंय. ताटलीत हात घालून ‘बघा, काही करत नाही’ असं कुणालाही दाखवू नका.

यापूर्वी दात लागले असतील किंवा हे अचानक सुरू झालं असेल, तर घरी प्रयोग नकोत. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण दात किंवा कान दुखत असला तरी कुत्रं असं वागतं. कुणालाही दात लागून कातडी फाटली किंवा नुसता ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर घरी बसू नका. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याच्या लसीचं कार्ड सोबत न्या.

प्रश्न : महाद्वार रोडलगत राहतो. विसर्जन मिरवणुकीत आणि दिवाळीत आमचा स्पिट्झ कॉटखाली थरथरत असतो. जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढतो म्हणतात.

उत्तर : वाढत नाही. भीती ही काही खाऊसाठी केलेली कसरत नव्हे. जवळ येत असेल तर येऊ द्या, कॉटखाली राहायचं असेल तर ओढून काढू नका. त्या जागेलाच जाड रजई टाकून गुहा करा.

काम मात्र दोन महिने आधी सुरू करायचं. ढोल-ताशे आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर इतकं हळू लावा की तो कान हलवेल पण खाणं सोडणार नाही. आवाज सुरू झाला की चिकन सुरू, आवाज बंद झाला की चिकन बंद. पाच मिनिटं, दिवसातून एकदा. आवाज तीन दिवसांतून एकदा एका टप्प्यानं वाढवा. खाणं सोडलं की दोन टप्पे मागं या. डॉल्बीची छातीत बसणारी धडधड मोबाइलमधून येत नाही, त्यामुळं यानं काम निम्मंच होतं. मिरवणुकीच्या दिवशी शक्य असेल तर त्याला उपनगरातल्या नातेवाइकांकडं नेऊन ठेवा, आणि ते घर त्यानं आधी दोन-तीनदा बघितलेलं असू दे.

न्यायला जमत नसेल तर रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली निवडा. खिडक्यांना जाड पडदे, पंखा जोरात, टीव्ही चालू. संध्याकाळी पाचच्या आत फिरवून, शी-शू उरकून आणा. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या, कारण घाबरलेलं कुत्रं उघड्या दारातून निसटलं की गर्दीत दिशा न बघता पळतं.

थरथर, लाळ, दारं खरवडणं इतपत होत असेल तर पशुवैद्यांकडून भीतीवरचं औषध घ्या. सणाच्या आधी आठवडाभर एका शांत दिवशी ते देऊन बघा, म्हणजे मात्रा किती लागते ते कळेल. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीनं कुत्रं पडून राहतं, पण आतली भीती तशीच असते, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा. घरातल्या माणसांची झोपेची गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.